लीडरचं सूचनापत्र

लीडरच्या घरी नुसतं जेवायला जायचं असलं तरी आधी सूचनापत्र यायचं. ईमेलने, पीडीएफ जोडून. "शनिवार, संध्याकाळी सहा पन्नास. गाडी ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला लावावी, उजव्या बाजूचा बर्फ शोव्हल केलेला नाही. मोजे कोरडे आणावेत. जेवण सात दहाला. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलं जाणार नाही." खाली सही, आणि सहीखाली कंसात 'लीडर'. पहिलं पत्र वाचून माझी बायको म्हणाली, "आपण जेवायला चाललोय की एनसीसीच्या कॅम्पला?" मी म्हटलं, जाऊन तर बघू. आम्ही सहा पंचावन्नला पोचलो. दार उघडून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणाले, "पाच मिनिटं," आणि मग इतकं मनापासून हसले की मला रागवायचं सुचलंच नाही.

आता मी नोकरी बदलून व्हिटबीला आलोय. इथे कुणी जेवायला बोलावलं तर "या हो सातच्या सुमारास" एवढंच म्हणतात, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

लीडर आणि मी कॅनडातल्या ओंटारियोत, केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात होतो. लीडर हे काही त्यांचं तिथलं पद नव्हतं. आमच्याकडे टीम लीडर पायलीचे पन्नास होते, आणि हे त्यांच्यातले कधीच नव्हते. मूळचे नाशिकचे. कॉलेजात असताना डोंगर चढणाऱ्यांच्या एका मंडळाचे लीडर झाले ते झालेच, कॅनडात येऊनही ते पद त्यांनी सोडलं नाही. कारखान्यातले पंजाबी, फिलिपिनो, गोरे, झाडून सगळे त्यांना लीडर म्हणायचे. एकदा नव्याने आलेल्या एका पोराने खरंच टीम लीडर समजून त्यांच्याकडे सुट्टीचा अर्ज दिला. लीडरनी तो वाचला, त्यात दोन दुरुस्त्या केल्या आणि मंजूर करून टाकला.

त्यांचं काम प्रोसेस प्लॅनिंगचं. गाडीचं दार बसवताना माणूस किती पावलं टाकतो, स्क्रूचा डबा डाव्याऐवजी उजव्या हाताला ठेवला तर किती सेकंद वाचतात, हे मोजायचं आणि प्रत्येक कामाचा एक चित्रांचा कागद बनवायचा: डावा हात इथे, उजवा तिथे, मग वाका. त्यामुळे कुणी कुठलाही आकडा उच्चारला की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "हे कुणी मोजलं?" मी म्हणायचो, "दोन मिनिटांत आलो." हे कुणी मोजलं? डॉक्टरने रोज आठ ग्लास पाणी प्या म्हटलं, तर त्यालाही त्यांनी हेच विचारलं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, "लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला जाणार होतो, त्याचंसुद्धा सूचनापत्र आलं होतं मला. विजेरी, शिट्टी, आणि प्रत्येकी एक कांदा, दोन बटाटे, एक वाटी तांदूळ." मंडळाचा नियमच होता तसा. प्रत्येकाने आपापला शिधा आणायचा आणि वर गडावर सगळ्यांची मिळून एक खिचडी करायची. महाबळेश्वरला हॉटेलात त्या कांद्यांचं काय झालं ते वहिनींनी कधी सांगितलं नाही, नुसत्या हसायच्या.

त्यांना एकच मुलगी, सई. मॉंट्रियलला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला यायची, आईशी गप्पा मारायची, बाबांशी हवापाण्याचं बोलायची आणि जायची. भांडण म्हणावं असं काही दिसायचं नाही. एकदा लीडर गॅरेजमध्ये विंटर टायर बदलत असताना वहिनींनी पोळ्या लाटता लाटता मला सांगितलं.

"ती तेरा वर्षांची होती हो. जॉर्जियन बेच्या कडेने खडकांतून जाणारी वाट आहे ना, तिथे घेऊन गेले हे तिला. अर्ध्यात तिचा पाय मुरगळला. म्हणाली, बाबा, परत जाऊ या. हे म्हणाले, आपण अर्ध्याच्या पुढे आलोय, परत फिरण्यापेक्षा पुढे जाणं जवळ आहे. आकडा बरोबरच होता त्यांचा. पोरगी नऊ किलोमीटर रडत चालली. घोटा असा सुजला की बूट कात्रीने कापून काढावा लागला. त्यानंतर ती यांच्याबरोबर साधी कोपऱ्यावरच्या पार्कातसुद्धा चालायला गेली नाहीये. पंधरा वर्षं झाली."

"लीडरना कळतं का हे?"

"न कळायला काय झालं? म्हणून तर तिला कधी काही विचारत नाहीत." आणि त्यांनी पोळी जरा जास्तच जोरात तव्यावर टाकली.

अशात लीडरचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरने सांगितलं, बदलावे लागतील. वेटिंग लिस्टमधून एकदाची तारीख मिळाली ती पुढच्या जानेवारीची. नव्या गुडघ्यांवर सपाट जमिनीवर हवं तेवढं चाला, पण या धोंड्यावरून त्या धोंड्यावर उड्या मारणं विसरा, असंही तो म्हणाला. दुसरा कुणी असता तर खचला असता. लीडर दुसऱ्या दिवशी लंचला माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "माझ्याकडे एक वर्ष आहे. एक नाळ उतरायचीय."

सह्याद्रीत दोन कड्यांच्या मधून पावसाच्या पाण्याने कोरलेली दगडधोंड्यांची उतरती घळ असते, तिला डोंगरातले लोक नाळ म्हणतात. लीडरची ही नाळ सह्याद्रीतली नव्हती. भूमध्य समुद्रात स्पेनचं मयोर्का म्हणून बेट आहे, तिथली होती. वरच्या डोंगररस्त्यापासून सुरू होते आणि घराएवढाले धोंडे उतरत उतरत थेट समुद्राला जाऊन मिळते. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधून बाहेर पडायला वाट नाही. एकदा उतरायला लागलात की समुद्र दिसेपर्यंत सुटका नाही. तिचा फोटो मला दाखवताना लीडरचा चेहरा लग्न ठरलेल्या पोरासारखा झाला होता.

आणि त्यांनी सईला ईमेल केला. चार ओळींचाच. त्यावर तिचं उत्तर आलं: "ओके बाबा. वन ट्रिप." लीडरनी तो ईमेल प्रिंट करून प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि फाइलमध्ये पहिल्या पानाला लावला. त्या माणसाला नाळ उतरायची होती हे खरंच, पण ती सईबरोबर उतरायची होती, आणि ते गुडघे बदलायच्या आत व्हायला हवं होतं. वर्षभराचा सगळा खटाटोप त्या पाकिटातल्या कागदासाठी होता. फाइल उघडली की आधी तो कागद दिसायचा, म्हणून मला हे नक्की माहीत आहे.

मी यात कसा अडकलो तेही सांगतो. मी नागपूरचा. आमच्याकडे सीताबर्डीचा किल्ला चढला की दोन दिवस त्याच्याच गोष्टी सांगतात. चालायचा मला मनापासून कंटाळा आहे, गाडी दुकानाच्या दारातच लागावी म्हणून मी पार्किंग लॉटमध्ये चार चकरा मारतो. पण लीडर म्हणाले, "नाळेत किमान तिघं लागतात. एक पडतो, दुसरा त्याच्यापाशी बसतो, तिसरा मदत आणायला जातो."

"मग मी तिघांतला कोण?" मी विचारलं.

"पडणारा," ते म्हणाले. "तयारी त्या हिशेबानेच केलीय."

तयारी म्हणजे काय विचारू नका. त्या नाळेत उतरलेल्या लोकांचे व्हिडिओ त्यांनी थांबवून थांबवून पाहिले आणि प्रत्येक अवघड धोंड्याचा एकेक कागद बनवला, अगदी कारखान्यात बनवायचे तसा. धोंडा क्रमांक अकरा: डावा हात भेगेत, पाठ कातळाला टेकवा, बसून घसरा, गुडघा वाकवू नका. प्रत्येकाला नंबर, चित्र आणि लागणारा वेळ. असे साठ-पासष्ट कागद होते. गुडघे गेलेला माणूस उतरू शकेल अशा बेताने तो सगळा उतार त्यांनी बसवला होता. मला कितीही हसू येत असलं तरी हे मान्य करायला हवं की त्यातला एकही कागद उगाच नव्हता.

मग सराव. फेब्रुवारीत ओंटारियोत धोंडे कुठून आणायचे? लीडरनी शोधून काढले. आमच्याजवळच्या एका मॉलच्या पार्किंग लॉटमध्ये बर्फ ढकलून ढकलून कोपऱ्यात जे ढीग होतात, ते फेब्रुवारीपर्यंत दगडासारखे होतात आणि दोन मजले चढतात. शिफ्ट संपली की लीडर हातात कागद घेऊन खाली उभे राहायचे आणि मला वर चढवायचे. एका संध्याकाळी धोंडा क्रमांक अकराप्रमाणे बसून घसरताना मी मध्येच अडकलो. ना वर जाता येईना ना खाली. तेवढ्यात मॉलचा सिक्युरिटी गार्ड आला. गोरा, तरुण, भलताच नम्र.

"सर, आर यू ओके अप देअर?"

"ही इज फाइन," खालून लीडरच म्हणाले. "ही इज इन स्पेन."

गार्डने माझ्याकडे पाहिलं, लीडरच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग त्याने तो कागद मागून घेतला, नीट वाचला आणि मला ओरडून सांगितलं की तुझा डावा हात चुकीच्या ठिकाणी आहे. मी हात हलवला आणि सपकन खाली आलो. लीडरनी त्याला टिम हॉर्टन्सची कॉफी पाजली. पुढे महिनाभर तो गार्ड आमचा सराव बघायला यायचा आणि सूचना द्यायचा. मला एक लीडर पुरेसा होता, तिथे दोन झाले.

तारीख ठरली ती मात्र साध्या जेवणाच्या वेळी. मार्चमधला शनिवार. मी होतो, बायको होती, कारखान्यातले दोन पुणेकर होते. सई फोनवर, स्पीकरवर. ती म्हणाली, "जून वर्क्स फॉर मी, बाबा. मला दोन वीक्स ऑफ आहे. जून इज परफेक्ट फॉर इट."

लीडर हसले. आम्ही सगळेच हसलो. "अगं, जूनमध्ये? पावसाच्या तोंडावर नाळेत कोण उतरतं? नाळ म्हणजे पाण्याची वाट. दिवाळी झाली की डोंगर मोकळे होतात, ओढे आटतात, तेव्हा जायचं." एक पुणेकर म्हणाला, "अगदी बरोबर." दुसऱ्याने सिंहगडावर ऐन पावसात आपण कसे घसरलो ते सांगितलं. मीही मान डोलावली. आम्हा सगळ्यांना ते इतकं उघड वाटत होतं की त्यात बघण्यासारखं काही आहे हेच डोक्यात आलं नाही.  मग सई म्हणाली, "ओके, बाबा. सेंड मी द डेट्स." जूनची सुट्टी मोडून तिने दिवाळीनंतरचा एक आठवडा कसाबसा मिळवला, हे वहिनींकडून नंतर कळलं.

सूचनापत्र एप्रिलमध्ये निघालं. चौदा पानं. विमानतळ, बस, घड्याळ, दोर, शिट्टी, आणि प्रत्येकी एक कांदा, दोन बटाटे. मी म्हटलं, "लीडर, कांदे विमानातून नेऊ देत नाहीत." म्हणाले, "तिथे घ्यायचे. पण ज्याचा त्याने."

ऑक्टोबर उजाडला. निघायला चार आठवडे होते. एक दिवस बायको माझी बॅग भरता भरता म्हणाली, "तिथे जॅकेट लागेल का रे? बघ ना जरा हवा कशी असते ते." मी फोनवर शोधलं. एक तक्ता आला, महिन्यामहिन्याच्या पावसाचा. जून, जुलैच्या रेघा नखाएवढ्या. आणि सगळ्यांत उंच रेघा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या. मी फोन उलटा धरून पाहिला. दुसरी साइट उघडली, तिसरी उघडली. भूमध्य समुद्राकडे उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस पडतो तो आपल्या दिवाळीला.  चौदा पानं काढून वाचली. प्रत्येक आकड्यासमोर लीडरनी तो कुठून घेतला ते लिहिलं होतं. फक्त एका ओळीसमोरचा रकाना कोरा होता. "हंगाम: पावसाळ्यानंतरचा, कोरडा."

तीन दिवस मी त्यांना टाळलं. लंचला गाडीत बसून सँडविच खाल्लं. चौथ्या दिवशी मात्र धीर केला आणि कॅफेटेरियात त्यांच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, "लीडर, तिथे पाऊस नोव्हेंबरमध्ये असतो."

"हे कुणी मोजलं?" त्यांनी सवयीने विचारलं. मी फोन पुढे सरकवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, पुन्हा खाली करून पाहिलं. बराच वेळ. जेवण तसंच राहिलं. शेवटी त्यांनी फोन मला परत दिला, "थँक यू" म्हणाले आणि उठून गेले. त्या माणसाने मला इंग्रजीत थँक यू म्हणावं याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आमच्या कारखान्यात सदोष भागाला लाल चिठ्ठी बांधतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर ती फाइल होती आणि तिला लाल चिठ्ठी बांधलेली होती. त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: "दोष: हंगाम चुकला. कारण: गृहीत धरलं. जबाबदार: लीडर." संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. पहिल्यांदाच सूचनापत्राशिवाय. सईला फोन लावायचा होता, आणि मला वाटतं त्यांना एकट्याने लावायचा नव्हता.

स्वयंपाकघरात, फोन टेबलावर, स्पीकर चालू. वहिनी ओट्याशी उभ्या. लीडर ताठ बसून, अहवाल द्यावा तसं बोलले. "सई, माझी चूक झाली. नोव्हेंबरमध्ये तिथे पाऊस असतो. नाळेत पाणी असण्याची शक्यता आहे."

"आय नो, बाबा."

"म्हणजे?"

"मला माहीत होतं. मी लुक अप केलं होतं. म्हणून तर जून म्हटलं."

लीडरनी फोन जवळ ओढला. "मग बोलली का नाहीस?"

"यू नेव्हर आस्क्ड, बाबा," ती म्हणाली. आवाज शांत होता, रागाचा नव्हता. "यू सेंट अ सर्क्युलर."

वहिनींनी गॅस बंद केला. मी टेबलक्लॉथवरची फुलं बघत बसलो, काढता पाय घ्यायलाही जागा नव्हती. लीडरनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "खरं आहे." आणि विचारलं, "आता काय करावं, असं तुला वाटतं?"

 मग ती म्हणाली, "जाऊ या. मी लीव्ह काढलीये. वर उभं राहून बघू. वाटलं तर उतरू, नाहीतर नाही."

गेलो. लीडरनी सुपरमार्केटात प्रत्येकाला आपापला कांदा निवडायला लावला, काउंटरवरची बाई आमच्याकडे विचित्र नजरेने बघत होती. सई हसत होती. मला बरं वाटलं, निदान ती हसत तरी होती. पण आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी पाऊस झाला होता, आणि नाळेच्या तोंडाशी सकाळी आम्ही उभे राहिलो तेव्हा खालून पाण्याचा आवाज येत होता. मोठा नाही, पण येत होता. पांढरे गुळगुळीत धोंडे ओले होऊन चकाकत होते. वरच्या खानावळीतल्या म्हाताऱ्याने आम्हाला बघून नुसतं बोट हलवलं.

लीडर पाठीवर सॅक, हातात कागदांचा गठ्ठा घेऊन कड्याशी उभे होते. अकरा महिने. माझ्या मनात आलं, हा माणूस आता उतरणार. आणि खरं सांगतो, मला भीती स्वतःची नव्हती, मी पडणारा होतोच. मला भीती होती ती सईची. पुन्हा तेच झालं तर ही पोरगी या जन्मात बापाबरोबर चालणार नाही, हे मला दिसत होतं, आणि तिच्याही चेहऱ्यावर तेच होतं.

लीडर तिच्याकडे वळले. "सई, तू सांग. उतरायचं?"

"नो, बाबा."

त्यांनी गठ्ठा सॅकमध्ये घातला, चेन ओढली, आणि म्हणाले, "माघार." एवढंच. कारण नाही, आकडा नाही. आम्ही खानावळीशी परत आलो, म्हाताऱ्याने न मागता कॉफी दिली. सई कपात बघत होती. मग म्हणाली, "जूनमध्ये परत येऊ. या वेळी प्लॅन मी करणार."

"जूनमध्ये माझे गुडघे नवे असतील," लीडर म्हणाले. "मला उतरता येणार नाही."

"माहितीये," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लीडरनी तिला आपला रुमाल दिला. पुढे बसमध्ये त्यांनी खिचडीचं काय करायचं यावर पाऊण तास चर्चा केली, आणि हॉटेलच्या खोलीत ती केलीही. धुराचा अलार्म वाजला.

जानेवारीत गुडघे बदलले. फिजिओथेरपिस्ट बाईला त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की रोज तीस वेळा पाय वाकवा हे कुणी मोजलं, आणि तिने सांगितलं, मी मोजते, सुरू करा. त्यांची गट्टी जमली. एप्रिलपर्यंत ते मॉलमधून लोकांना मागे टाकत चालत होते.

सईचं सूचनापत्र व्हॉट्सॲपवर आलं. तीन ओळी. ती तिच्या मॉंट्रियलच्या दोन मित्रांबरोबर उतरणार. बाबांनी खालच्या किनाऱ्यावर थांबायचं, हॅट आणायची. काकांनी बाबांना पाणी पाजायचं. काका म्हणजे मी. पडणाऱ्यावरून मी पाणक्यावर आलो होतो, पण तक्रार केली नाही. लीडरनी ते तीनदा वाचलं आणि त्यात एकही दुरुस्ती केली नाही.

जूनमधला तो दिवस लख्ख होता. नाळ जिथे समुद्राला मिळते तिथे दोन कड्यांच्या मध्ये गोट्यांचा लहानसा किनारा आहे. दुसऱ्या बाजूने तिथवर बस जाते, तिने आम्ही अकराला जाऊन बसलो. लीडर बसले, उठले, नाळेच्या तोंडापर्यंत जाऊन आत बघून आले, पुन्हा बसले. मी पाणी दिलं की प्यायचे. माणसं पोहत होती, पोरं आइस्क्रीम खात होती, आणि हा माणूस टोपी घालून त्या फटीकडे बघत होता. दीडच्या सुमाराला, मी काही विचारलं नसताना, म्हणाले, "त्या दिवशी परत फिरायला हवं होतं. ती तेरा वर्षांची होती." मी म्हटलं, हो.  त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तिकडे बघत बसले.

चार वाजून गेले तेव्हा नाळेतून तीन टोप्या दिसल्या. सई मधल्या डबक्यांतून कमरेपर्यंत भिजलेली, कोपर खरचटलेलं, तोंड उन्हाने लाल. लीडर उठले आणि भराभर गोटे तुडवत पुढे गेले. ती त्यांच्यासमोर येऊन थांबली, सॅक काढली आणि माझ्या अंगावर टाकली. मग म्हणाली, अगदी मराठीत, "बाबा, चला."

"कुठे?"

"आत. पहिले मोठे धोंडे लागेपर्यंत तळ सपाट आहे. मी येताना बघून आलेय. तुम्हाला जमेल."

"डॉक्टर म्हणाला होता..."

"सपाट चाला म्हणाला होता. सपाटच आहे." आणि तिने हात पुढे केला.

मी लीडरना दहा वर्षं ओळखत होतो. बर्फावरून घसरले तरी त्यांनी कधी कुणाचा हात घेतला नव्हता. त्यांनी तो घेतला. ती पुढे, ते मागे, असे दोघं त्या उंच कातळांच्या मध्ये शिरले. तिचे मित्र समुद्रात पळाले आणि मी सगळ्यांच्या सॅका सांभाळत गोट्यांवर बसलो. आत आवाज घुमतो, त्यामुळे ते दिसेनासे झाले तरी ऐकू येत होतं. सई सांगत होती, "इथे पाय ठेवा. नाही, तिथे नको, तिथे ओलं आहे. इथे."

आणि लीडरचा आवाज आला, "बरं."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले, आणि मी तिथेच बसून राहिलो. आतून पुन्हा तिचा आवाज आला, पुन्हा त्यांचा, जरा आणखी लांबून. "आता डावीकडे या, बाबा." "बरं."